वाणाची ओळख आणि वाणाची शिरगणती

गोव्यात काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकणारी खोलची मिरची, नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, आणि हावेरी जिल्ह्यातून निघून महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक मसाला कांडपापर्यंत पोचलेली ब्याडगी, या तिघींच्या नावांना आज भौगोलिक मानांकनाचे कायदेशीर कवच आहे. कवच मिळाले की पाठोपाठ तक्रारही येते. ब्याडगीसारख्या दिसणाऱ्या संकरित मिरच्या ब्याडगीच्या नावाने विकल्या जातात, आणि एकदा पूड झाली की डोळ्यांना काहीच कळत नाही. मग साहजिकच म्हटले जाते की प्रयोगशाळेने प्रत्येक वाणाचा डीएनए ठसा काढून ठेवावा. ठशाशी जुळेल ती अस्सल, बाकीची तोतया. बासमतीच्या बाबतीत हे झाले आहे, तर मिरचीच्या बाबतीत का नको? प्रश्न रास्त वाटतो, पण त्यात वाण म्हणजे काय याविषयी एक चुकीचे गृहीत दडलेले आहे. जनुकीय मार्कर हे मिरचीच्या अभ्यासातले फार मोलाचे साधन आहे, याबद्दल वाद नाही. मात्र देशी वाणाच्या बाबतीत ते वाणाच्या पोटात किती वैविध्य आहे हे मोजण्यासाठी वापरायला हवे. वाणाचा एकच ठरावीक ठसा पक्का करून त्यावरून अस्सलपणाचे दाखले देऊ लागलो, तर ज्या वाणाला वाचवायला निघालो त्याचीच छाटणी आपल्या हातून होईल.

मिरचीचा स्वभावच असा आहे की एका ठशात ती मावत नाही. तिचे फूल द्विलिंगी असते, स्वतःच्याच परागावर फळ धरू शकते, म्हणून तिला बरेचदा स्वपरागित पिकांत बसवतात. पण फुलावर मधमाशा आणि इतर कीटक येतात आणि शेजारच्या झाडाचा, शेजारच्या वावराचाही पराग आणून टाकतात. असा परपराग किती होतो याचे वेगवेगळ्या अभ्यासांत नोंदवलेले आकडे काही टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांच्या आसपासपर्यंत पसरलेले आहेत. वाण, हवामान, कीटकांची वर्दळ, लागवडीतले अंतर, या सगळ्यांवर ते प्रमाण ठरते. त्यामुळे शेतकरी चांगल्या झाडांवरची पिकली फळे निवडून पुढच्या हंगामासाठी बी धरतो, तेव्हा त्याच्या हाती एका झाडाची नक्कल येत नाही, तर नात्यातल्या पण एकमेकांहून थोड्या वेगळ्या झाडांचा समूह येतो. ब्याडगीतच डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार शेतकरी आणि व्यापारी सरळ वेगळे ओळखतात. डब्बी आखूड आणि फुगीर, तर कड्डी लांब आणि सडपातळ. दोन्ही ब्याडगीच. देशी वाण हा असा समूह असतो. त्याची मधली ठेवण ओळखता येते, त्याच्या कडा मात्र पुसट असतात आणि त्या तशाच असाव्या लागतात.

मार्कर म्हणजे डीएनएच्या लांबलचक मजकुरातली अशी जागा, जिथे दोन झाडांत फरक सापडू शकतो आणि तो फरक प्रयोगशाळेत वाचता येतो. मिरचीच्या बाबतीत हा मजकूर अवाढव्य आहे. २०१४ साली कोरियातल्या आणि चीनमधल्या संशोधकगटांनी मिरचीचा जनुकसंच स्वतंत्रपणे वाचून प्रसिद्ध केला. तो साधारण साडेतीनशे कोटी अक्षरांचा निघाला, म्हणजे तिच्याच कुळातल्या टोमॅटोच्या जवळजवळ चौपट. गुणसूत्रांच्या जोड्या दोघांच्याही बाराच, आणि जनुकांची संख्याही ३५ हजारांच्या घरात, म्हणजे टोमॅटोशी मिळतीजुळतीच. वाढलेला बहुतेक मजकूर पुन्हापुन्हा येणाऱ्या, जागा बदलत पसरलेल्या तुकड्यांचा आहे. याचा एक व्यावहारिक परिणाम असा की पुरेसे मार्कर लावले तर कोणत्याही दोन मिरच्यांत फरक सापडतोच. ‘ही दोन झाडे वेगळी आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते, त्यामुळे तो प्रश्न निकामी होतो. किती वेगळी, कशाच्या तुलनेत वेगळी, आणि एका शेतातल्या दोन झाडांतला फरक दोन गावांतल्या झाडांतल्या फरकाहून कमी की जास्त, हे प्रश्न मात्र कामाचे आहेत.

साधनांचा इतिहास पाहिला तर प्रत्येक साधन काही प्रश्नांना डोळस आणि काहींना आंधळे होते असे दिसते. सुरुवातीला प्रथिनांच्या रूपांवरून फरक ओळखत. १९९० च्या दशकात आरएपीडी हे तंत्र आले आणि आपल्या कृषी विद्यापीठांत झपाट्याने पसरले. त्याला जनुकसंच आधी माहीत असावा लागत नाही, प्राइमर म्हणजे डीएनएचे दहा अक्षरांचे छोटे तुकडे पुरतात, आणि खर्चही कमी. पण त्याची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे एका प्रयोगशाळेतला निकाल दुसरीत तसाच मिळेल याची खात्री नसते. दुसरे दुखणे जास्त खोल आहे. हे मार्कर प्रभावी पद्धतीचे असतात, म्हणजे पट्टी दिसली की दिसली. झाडाला ती आई आणि बाप दोघांकडून मिळाली की एकाकडूनच, हे कळत नाही. आणि परपराग होणाऱ्या पिकात नेमके हेच कळायला हवे असते, कारण एका झाडात दोन वेगळी रूपे नांदतात की नाही, यावरूनच समूहात मोकळी सरमिसळ चालू आहे की बी एका अरुंद वाटेवर आले आहे याचा अंदाज येतो. पुढे आलेले एसएसआर, म्हणजे छोट्या पुनरावृत्तींचे मार्कर, दोन्ही रूपे दाखवतात. आजचे एसएनपी मार्कर एकेका अक्षराचा फरक वाचतात आणि एका झटक्यात हजारो जागा तपासतात. त्यांतही एक गोम आहे. तयार एसएनपी चिप ज्या सुधारित वाणांवरून बेतलेली असते, त्यांच्यातले फरक ती उत्तम दाखवते. देशी वाणांत मात्र जे फरक तिच्या कर्त्यांनी कधी पाहिलेलेच नव्हते, ते तिच्या जाळ्यातून निसटतात, आणि ज्या वाणात खरे वैविध्य भरपूर आहे तेच कागदावर गरीब ठरते. तरीही अहवालाच्या पहिल्या पानावर मार्करची संख्या मोठ्या अक्षरांत येते आणि मार्कर कुठून निवडले हे परिशिष्टात जाते.

योग्य प्रश्न विचारला तर जुने, दुबळे साधनही काय करू शकते याचे उत्तम उदाहरण भूत जोलोकियाचे. आसाम, नागालँड, मणिपूरमधली ही मिरची दहा लाख स्कोव्हिल एककांच्या वर तिखट भरली आणि तिचे नाव विक्रमांच्या पुस्तकात गेले. पण ती कोणत्या प्रजातीची यावर एकमत नव्हते. मिरचीच्या लागवडीखालच्या प्रजाती पाच : अ‍ॅन्युम, फ्रुटेसेन्स, चायनेन्स, बॅकाटम आणि प्युबेसेन्स. भारतात पिकणारी बहुतेक मिरची अ‍ॅन्युम आहे. भूत जोलोकियाला काहींनी फ्रुटेसेन्स ठरवले होते. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातल्या पॉल बॉसलँड आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००७ मध्ये आरएपीडी मार्कर वापरून दाखवले की ती मुख्यतः चायनेन्स आहे, पण तिच्यात फ्रुटेसेन्सचा अंश मिसळलेला आहे. निसर्गातच कधीतरी झालेल्या संकराची ती वंशज असावी. फुलांच्या आणि देठांच्या खुणांवरून दोन्ही बाजूंना पुरावा सापडत होता, कारण मिरचीच मुळात मिश्र होती. इथे प्रश्न ठोस होता, तुलनेला ओळखीच्या प्रजाती होत्या, फरक मोठे होते, म्हणून साधे साधनही पुरले.

दुसरे उदाहरण याहून कितीतरी मोठ्या पल्ल्याचे आहे. जगभरच्या जनुकपेढ्यांत साठवलेले मिरचीचे १०,०३८ नमुने डीएनए वाचून एकत्र तपासल्याचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून मिरची अमेरिका खंडातून बाहेर कशी पसरली याचा नकाशा तर मिळालाच, पण माझ्या मते त्यातला सर्वात उपयोगी निष्कर्ष वेगळाच आहे. १,६१८ पर्यंत नमुने एकाच बियाण्याच्या दुबार नोंदी निघाले, कधी एकाच पेढीत, तर कधी दोन देशांच्या पेढ्यांत वेगवेगळ्या क्रमांकाखाली. शिवाय कितीतरी नमुन्यांवर प्रजातीचे नाव चुकीचे लिहिलेले होते, आणि ही गफलत बरेचदा प्रजातींमधल्या संकरांत झाली होती, कारण बाह्य रूपावरून त्यांचे वर्गीकरण करणे अवघड असते. पेढी बियाणे थंड ठेवते, ठरावीक वर्षांनी पुन्हा उगवून नवे करते, आणि प्रत्येक नमुन्यामागे जागा, वीज, मनुष्यबळ खर्ची पडते. तेव्हा एकच बी चार नावांनी चार वेळा सांभाळण्यापेक्षा त्यातून वाचलेल्या पैशात अजून शेतातच असलेला, कोणी न उचललेला वाण आणून ठेवणे शहाणपणाचे. कोणत्या नोंदी दुबार आहेत हे फक्त मार्करच सांगू शकत होते. माझ्या पुढच्या टीकेवरून मी या तंत्राच्याच विरोधात आहे असे कोणी समजू नये.

टीका अशी की मार्कर एकट्याने बोलू लागला की तो ठामपणे अर्धवट बोलतो. अ‍ॅन्युम मिरची माणसाने पहिल्यांदा कुठे माणसाळवली या प्रश्नावर २०१४ साली एक विचारी अभ्यास झाला. त्यात चार प्रकारचे पुरावे एकत्र मांडले होते : एसएसआर मार्कर, उत्खननांत सापडलेले अवशेष, रानमिरचीला मानवणाऱ्या हवामानाचे नकाशे, आणि तिथल्या आदिम भाषांत मिरचीसाठी शब्द केव्हापासून आहे याचा शोध. केवळ जनुकीय पुरावा मेक्सिकोच्या ईशान्येकडे जास्त झुकत होता. चारही पुरावे एकत्र ठेवल्यावर मात्र कौल मध्य-पूर्व मेक्सिकोच्या बाजूने पडला, जिथल्या तेवाकान खोऱ्यात मातीची भांडी येण्याच्याही आधीचे मिरचीचे अवशेष मिळाले आहेत. डीएनए वाचण्यात चूक झाली होती असे नाही. आज जिथून नमुने मिळाले तिथली आजची रानमिरची काय सांगते तेवढेच मार्कर सांगत होते, आणि मधल्या काही हजार वर्षांत झाडे, माणसे, जंगले सगळीच हललेली होती.

तिखटपणाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. ढोबळी मिरची तिखट का नसते, तर तिच्यात पन-१ या जनुकाचा सुमारे अडीच हजार अक्षरांचा तुकडा गळून गेलेला आहे, त्यामुळे तिखटपणा देणारे कॅप्सायसिन तयारच होत नाही. हे २००५ मध्ये सिद्ध झाले. साडेतीनशे कोटींत अडीच हजार. जनुकसंचभर विखुरलेले शे-दोनशे मार्कर लावले तर त्यांतला एकही या जागेवर पडण्याची शक्यता नगण्य, आणि एक गोडी आणि एक तिखट अशा दोन मिरच्या सख्ख्या बहिणी ठरू शकतात. उलट चवीला, रंगाला, लांबीला अगदी सारख्या दोन मिरच्या मार्करच्या लेखी दूरच्या निघू शकतात. बहुतेक मार्कर झाडाच्या गुणांबाबत तटस्थ असतात. ते नाते सांगतात, इतिहास सांगतात. गुण सांगत नाहीत. म्हणून एखाद्या तक्त्यात खोलची मिरची शेजारच्या तालुक्यातल्या मिरचीशी एकाच फांदीवर बसली, तर ‘मग हिचे वेगळे काय?’ असा निष्कर्ष काढणे हे त्या तक्त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे होय.

आता मूळ मुद्दा, नमुन्यांचा. भारतीय मिरचीच्या वैविध्यावरच्या ज्या निबंधांचा साचा ठरून गेला आहे त्यात साधारणपणे काही डझन वाण घेतात, त्यात पुसा ज्वाला किंवा फुले ज्योतीसारखे सुधारित वाण आणि काही स्थानिक नावे असतात. प्रत्येक नावाचे एक झाड किंवा थोड्या रोपांची एकत्र केलेली पाने वापरून डीएनए काढतात, वीस-तीस प्राइमर लावतात, आणि शेवटी सारखेपणाच्या आकड्यांवरून वंशवृक्षासारखा एक तक्ता काढतात. वाण तीन-चार गटांत विभागले गेले, वैविध्य भरपूर आढळले, पैदासकारांना उपयोग होईल, असा समारोप होतो. काम प्रामाणिक असते, पण त्यातून देशी वाणाबद्दल जे कळायला हवे ते कळूच शकत नाही. एका माणसाच्या आधारकार्डावरून गावाची शिरगणती होत नाही. एका नावाचे एकच झाड घेतल्यावर त्या नावाच्या पोटात किती भिन्नता आहे याचे उत्तर गणितानेच अशक्य होते, आणि मिरचीसारख्या पिकात तर भिन्नतेचा मोठा वाटा नावाच्या पोटातच असू शकतो. पाने एकत्र कुटून डीएनए काढला तर ती भिन्नता दिसण्याऐवजी पुसली जाते. भिवापुरी खरोखर अभ्यासायची तर बी धरणारी पंधरा-वीस घरे निवडून प्रत्येक घरची वीस-पंचवीस झाडे स्वतंत्र तपासायला हवीत, आणि बी कोणाकडून आले, किती वर्षांपूर्वी आले, शेजारी संकरित मिरची होती का, याच्या नोंदी सोबत ठेवायला हव्यात. त्यासाठी प्राइमर कमी चालतील, झाडे कमी चालणार नाहीत.

नावामागे एकच झाड तपासण्याच्या या सवयीतूनच ठशाची मागणी निघाली आहे, आणि ती कायद्याच्या दारात आली की धोकादायक होते. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा. त्यात वाण नोंदवायचा तर तो वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. शेतकऱ्यांच्या वाणांना एकसारखेपणात काही सवलत आहे, तरी कसोटीची दिशा तीच राहते. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा मात्र मुळात वेगळ्या पायावर उभा आहे. तो ठिकाण, माती, हवा आणि लोकांचे कसब यांच्याशी मालाचे नाते जपतो, झाडाच्या जनुकसंचाशी नाही. या दुसऱ्या कायद्याच्या नावाखाली पहिल्याची कसोटी आणली, तर काय होईल ते सरळ दिसते. उत्पादक संघ ठशाशी जुळणारे शुद्ध बियाणे एका ठिकाणाहून घेईल, बाकीच्या घरांचे बी भेसळीत जमा होईल. दोन-चार हंगामांत खोलच्या उतारावरच्या मिरच्या खरोखरच ठशासारख्या होतील. अहवाल म्हणेल की अस्सलपणा वाढला. समूहात जे काही कमी-जास्त होते, एखाद्या झाडाच्या फळाची थोडी जाड साल, एखाद्याचा चुरडा-मुरडा रोगाला जरा उशिरा बळी पडण्याचा गुण, ते कोणी मुद्दाम न टाकता गळून जाईल.

यावर पहिला आक्षेप ताबडतोब येतो : मग तोतया मिरची पकडायची कशी? कडा पुसट आहेत म्हणून काहीही ब्याडगी म्हणून खपवू द्यायचे का? नाही. पण इथे बासमतीचा दाखला फसवा आहे हे आधी ओळखायला हवे. भात मुख्यतः स्वपरागित आहे आणि बासमती म्हणून कोणते वाण धरायचे याची अधिसूचित यादी आहे. तिथे ठसा काढणे म्हणजे ठरलेल्या, स्थिर वाणांशी ताडून पाहणे. मिरचीत तशी यादी नाही आणि पिकाचा स्वभावही तसा नाही. मात्र मिरचीत वेगळा मार्ग आहे, आणि तो ठशापेक्षा चलाख आहे. मिरचीची साल आईच्या झाडाच्या पेशींची बनलेली असते, पराग कोणाचाही असो. बापाचा वाटा फक्त बियांत असतो. पहिल्या पिढीच्या संकरित बियाण्याची सगळी झाडे जनुकीयदृष्ट्या एकच असतात, म्हणून त्या शेतातल्या प्रत्येक मिरचीच्या सालीचा डीएनए तंतोतंत सारखा निघतो. देशी ब्याडगीच्या, अनेक घरांतून गोळा झालेल्या पोत्यात तसे होणार नाही. तेव्हा पोत्यातल्या पन्नास मिरच्यांची साल स्वतंत्र तपासली आणि पंचेचाळीस हुबेहूब एक निघाल्या, तर त्या एकसारखेपणावरूनच तोतयेगिरी उघडी पडते. उरलेल्यांची तुलना एका ठशाशी करायची नाही, तर शेतातून काळजीपूर्वक घेतलेल्या शेकडो झाडांच्या समूहाशी करायची, आणि अमुक मिरची त्या समूहातली असण्याची शक्यता किती हे सांगायचे. पुडीत एकेक फळ वेगळे राहत नाही, साल आणि बी एकत्र दळले जातात, उन्हात वाळताना आणि गिरणीत डीएनएचे तुकडेही होतात. तिथे फक्त मार्करच्या रूपांचे प्रमाण मोजता येईल, आणि निकाल तितका ठाम नसेल. ही मर्यादा आहे, पण एका ठशालाही ती तितकीच लागू आहे. शिवाय या पद्धतीत एक धोक्याची घंटा आपोआप बसते. देशी वाणच जर आतून अरुंद होत गेला, तर तोही या कसोटीत अडकू लागेल, आणि ते कळणे चांगलेच.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि मला तो पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. शेतकऱ्याला, विशेषतः बी धरणाऱ्या बाईला, आपली मिरची कोणती हे प्रयोगशाळेशिवाय पिढ्यान्‌पिढ्या कळत आले आहे. राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यात देशी बियाणे जमवून जपले ते कोणत्याही मार्करवाचून. मग हा खर्चिक खटाटोप कशाला? रूप, चव, काढणीचा काळ यांबाबत जाणत्या डोळ्याला तोड नाही हे खरेच. पण डोळा दोन ठिकाणी कमी पडतो. पहिले म्हणजे रूपात माती आणि हवेचा वाटा मोठा असतो, एकच बी काळ्या रानात आणि कोकणातल्या जांभ्या मातीत लावले तर रंग आणि तिखटपणा बदलतो, आणि तो बदल वाणाचा की जमिनीचा हे वेगळे काढता येत नाही. दुसरे अधिक महत्त्वाचे. समजा एका वर्षी चुरडा-मुरड्याने गावाची मिरची बसली आणि पुढच्या वर्षी सगळ्यांनी वाचलेल्या एकाच घरचे बी नेले. शिवार पूर्वीसारखेच लाल दिसेल, मिरची त्याच चवीची लागेल, नावही तेच राहील. पण अख्ख्या गावाची मिरची आता मूठभर झाडांची लेकरे असेल. ही अरुंद झालेली वाट डोळ्याला दिसत नाही. मार्करला दिसते, कारण दुर्मीळ रूपे आधी नाहीशी होतात. खर्चाबद्दल एवढेच की डीएनए वाचण्याची किंमत गेल्या वीस वर्षांत प्रचंड उतरली आहे. महाग राहिले आहे ते गावोगाव फिरणे, विश्वास मिळवणे आणि नीट नोंद करणे, आणि नेमका तिथेच हात आखडता घेतला जातो.

पैदासकार म्हणेल की तटस्थ मार्करने मोजलेले हे वैविध्य माझ्या काय कामाचे, मला रोगाला टिकणारे जनुक हवे. त्याला उत्तर मिरचीच्याच इतिहासात आहे. मूळकुज आणि मर आणणाऱ्या फायटोफ्थोराला टिकणारा जगातला सर्वात नावाजलेला स्रोत म्हणजे मेक्सिकोतल्या मोरेलोसचा एक देशी वाण, क्रियोलो दे मोरेलोस ३३४. २०१४ मध्ये कोरियन गटाने जनुकसंच वाचला तो याच वाणाचा. फळकुजीला टिकण्याचे गुण बॅकाटम प्रजातीच्या काही नमुन्यांत सापडले. ते नमुने किंवा ते बी जपणाऱ्यांना पुढे कोणता रोग येणार आणि कोणते जनुक कामी येणार याची कल्पना नव्हती. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र आणि तेलंगणातल्या मिरचीवर नव्याच जातीच्या काळ्या फुलकिड्यांनी धाड घातली, तेव्हाही तिची चाहूल कोणाला नव्हती. माहीत असलेले जनुक शोधायला नेमके मार्कर लागतात आणि ते जरूर वापरावेत. माहीत नसलेले जनुक टिकून राहण्यासाठी मात्र समूह मोठा हवा, बी धरणारी घरे पुष्कळ हवीत, सरमिसळ चालू हवी, आणि ही परिस्थिती आहे की नाही ते तटस्थ मार्करच सांगतात. याच कारणाने या आकड्यांवरून वाणांची गुणवत्ता यादी लावणे मूर्खपणाचे ठरेल. थोड्याशा उतारांवर, थोड्या घरांत टिकलेल्या वाणाचा वैविध्याचा आकडा कमी भरला, तर तो वाण सोडून द्यावा असा त्याचा अर्थ होत नाही. तिथे आधी पोचायला हवे, एवढाच होतो.

राहिला मालकीचा प्रश्न, आणि तो सोपा नाही. शेतातली झाडे तपासून काढलेला मजकूर एकदा संगणकात गेला की बी देशाबाहेर न जाताही त्याचा उपयोग कुठेही होऊ शकतो. २०१० च्या नागोया करारात बियाण्याच्या देवाणघेवाणीचा विचार होता, निव्वळ अक्षरांच्या माहितीचा नीट नव्हता. २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरी झालेल्या जैवविविधता परिषदेत अशा माहितीवर नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी वाटा द्यावा म्हणून एक निधी ठरला, पण देणे ऐच्छिक राहिले. शेतकऱ्याने विचारले की माझ्या झाडांचे पान तुम्ही नेता, मला काय, तर आज त्याला देण्याजोगे उत्तर फार थोड्या संशोधकांकडे आहे. निदान निकाल गावात परत यावा. त्यासाठी चौकट तयारच आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते, माधव गाडगीळ यांनी ज्या कल्पनेचा ध्यास घेतला तीच. अनेक नोंदवह्यांत मिरचीच्या रकान्यात नुसते नाव लिहून मोकळे झालेले असतात. तिथे बी धरणाऱ्या घरांची संख्या, बी कुठून आले त्याची साखळी आणि मोजलेल्या वैविध्याचा आकडा आला, तर ती नोंद गावाच्या हातातला पुरावा होईल, भौगोलिक मानांकनाच्या वादातसुद्धा.

हे सगळे एकदाच मोजून भागणार नाही, ही या प्रस्तावाची खरी अडचण. वैविध्य घटते आहे की टिकते आहे हे दोन वेळच्या आकड्यांतूनच कळते, आणि संशोधन प्रकल्प बहुधा तीन वर्षांत आटोपतात. वाण अरुंद व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो, तोवर प्रकल्पाचे प्रमुख निवृत्त झालेले असतात. पण मिरचीच्या बाबतीत पहिली मोजणी एका अर्थी आधीच झालेली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन केंद्रात आणि तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रात मागच्या दशकांत गोळा केलेली मिरचीची बियाणी गोठणबिंदूखाली ठेवलेली आहेत. दिल्लीच्या संस्थेचे अकोल्याला विभागीय केंद्रही आहे. ज्या भागातून ते बी उचलले त्याच भागातल्या आजच्या झाडांशी ते ताडून पाहिले, तर मधल्या काळात शेतात काय घडले ते कळू शकेल. फक्त त्याआधी पेढीलाच एक प्रश्न विचारावा लागेल. साठवलेले बी उगवणक्षमता कमी झाल्यावर पुन्हा लावून ताजे करतात. मिरची परपरागित होत असल्याने त्या वेळी झाडे जाळीत वेगळी ठेवावी लागतात आणि जाळीत जागा कमी असते. दर खेपेला किती झाडांवरून बी धरले गेले, पाच की पन्नास, ते नोंदींतून काढावे लागेल. ते पाचच असेल, तर अरुंद झाले ते शेत की पेढीतली पाकिटे, हे आधी ठरवावे लागेल.